दोन बोटं सैल

चैत्रात लिंब फुलला की लातूरची रूक्ष सकाळही घटकाभर सौम्य होते. धुळीतून, डिझेलच्या धुरातून वाट काढत एक मंद, कडसर-गोड परिमळ येतो आणि आपल्या गावात इतकं कोवळं काही असू शकतं याचं दरवर्षी नव्याने नवल वाटतं. यंदा मात्र त्या परिमळात तापल्या लोखंडाचा वास मिसळला. तेव्हापासून त्या लिंबाखालून जाताना माझी मान आपोआप खाली जाते.

आमचा झाडं लावणाऱ्यांचा एक गट आहे. उजाडताच आम्ही रस्त्याच्या कडेला जमतो. कुणी खुरपं आणतं, कुणी पाइप धरतं, कुणी नुसत्याच सूचना करतं. ज्या गावाने पिण्याच्या पाण्यासाठी टँकरमागे धावाधाव केली, त्या गावात झाडाला पाणी घालायचं म्हणजे केवढी श्रद्धा हवी! रोपांना लागणाऱ्या लोखंडी जाळ्या लोक देतात, बहुधा गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ. जाळीवर नावाची पाटी असते आणि पुण्यतिथीला घरची मंडळी येऊन तिला हार घालतात. रोप वाढलं की जाळी कापून दुसऱ्या रोपाला द्यायची, हा आमचा रिवाज. पण पाटीपायी लोक आढेवेढे घेतात. त्यांची समजूत घालायचं काम गटाने माझ्याकडे दिलेलं, कारण माझ्या जिभेवर साखर आहे असं सगळ्यांचं मत. नाव पाटीवर कशाला हवं, ते सावलीत राहील की, असं मी कितीजणांना गोड बोलून पटवलं असेल!

आणि माझ्या वडिलांची, दादांची, पाटी? ती मात्र त्याच रस्त्यावर, लिंबाच्या जाळीवर जागच्या जागी होती. दरवर्षी मी तिची अक्षरं काळ्या रंगाने उजळायची, दोन पावलं मागे सरून न्याहाळायची. लिंब जाळीत मावेनासा झाला, तरी आईला वाईट वाटेल, असं म्हणून मी दर रविवारी तो विषय पुढच्या रविवारवर ढकलत राहिले. गटाचे म्होरके आप्पा, कापडदुकान उघडण्याआधी कपाळी विभूतीचे पट्टे ओढून, हातात कटर घेऊन येणारे गृहस्थ, त्या झाडाशी आले की माझ्याकडे बघत आणि तसेच पुढे जात. त्यांच्या भिडस्तपणाचा मी खुशाल फायदा घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय?

यंदाच्या पुण्यतिथीला आई निलंग्याहून एसटीने आली. मी पाटीला हार घातला. तिने पाटीकडे पाहिलंच नाही. जाळीतून हात घालून ती बुंध्यावरून बोटं फिरवत राहिली. सळ्या सालीत रुतल्या होत्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी साल फुगून वर आली होती आणि पाटीची एक कड झाडाने पार गिळली होती.

"आगं, हे कवापासून असं हाय?"

"तुलाच वाईट वाटेल म्हणून ठेवलं, आई."

"मला?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुज्या दादांनी वासराचं दावं कदी आवळून बांदू दिलं न्हाई. दोन बोटं सैल ठिवा म्हनायचे. आन् तू त्यांच्याच नावानं झाड आवळून ठिवलंस व्हय?"

ती रागावली असती तर मी हुज्जत घातली असती. पण ती नुसती विचारत होती. भर रस्त्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण गेलेल्या माणसाला आठवतो, की त्याला आठवणारे आपण चार लोकांना दिसावं म्हणून धडपडतो? आणि त्या धडपडीला आईचं नाव द्यायलाही मी कचरले नव्हते.

मी आप्पांना फोन केला. ते तसेच दुकानातून उठून आले. कटरच्या ठिणग्या उडाल्या, वरून फुलं गळत राहिली आणि एकेक सळई सुटत गेली. पाटीशी येऊन आप्पा थांबले.

"ताई, भायेरची पाटी कापतो. आत गेलेला तुकडा काडायचा न्हाई, सालीला लई इजा होते. ऱ्हाऊ द्या आता, वागवंल झाड."

आईने जमिनीवर पडलेला हार झटकून बुंध्याशी ठेवला आणि प्रवासातल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी मुळाशी ओतलं.

दादांच्या नावाचं पहिलं अक्षर त्या लिंबाच्या पोटात राहिलं आहे. नाव टिकावं हाच माझा हट्ट होता ना? तो पुरा झाला. फक्त तो आता झाडाला सोसावा लागणार आहे. परवा पाणी घालताना पुन्हा तो कडसर-गोड परिमळ दरवळला. पाइप खाली ठेवून मी लोखंड शिरलं त्या वळाशी बोटं नेली. दोन बोटं कुठली, तिथे नख शिरायलाही जागा नाही.