कुशल आहेत

मी लिहावं का, हेच मला नक्की ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि माझं मराठी उज्जैनचं, हिंदीत भिजलेलं. पण त्या आठवड्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि घरात लिहिणारा मी एकटाच आहे. चुकलं तर माफ करा.

टावर चौकाजवळ मी इंग्रजीच्या क्लासला जायचो. मॅडम तेव्हा महत्त्व सांगणारे, एकसारखे वाटणारे शब्द शिकवत होत्या. इम्पॉर्टंट हा रोजचा शब्द. ज्याचा परिणाम दिसून येतो ते सिग्निफिकंट. ज्यावर सगळं इकडचं तिकडे होऊ शकतं ते क्रूशियल.

"और क्रिटिकल?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

"उसमें ख़तरा है. सँभालकर लिखना."

"मॅडम, सब एक ही तो हैं. बस लिखनेवाले का मूड अलग!"

सगळे हसले. मीही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. देवास गेटला त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणाले, "आमच्या धंद्यात दोनच शब्द. देसी आणि इम्पोर्टेड. तुझं इम्पॉर्टंट त्यातलंच ना?" आई इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

दोन-तीन दिवसांनी बाबा दुकानातच कोसळले. डोक्यात रक्त साचलं होतं. इंदूरला नेलं, ऑपरेशन झालं. आयसीयूबाहेर एकालाच थांबू देत, म्हणून काका तिथे राहिले. आईचे गुडघे धरलेले, तिला घेऊन मी उज्जैनला, नानाखेड्याच्या घरी परतलो. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे. काका त्यांचे शब्द ऐकू आले तसे फोनवर सांगायचे. अर्थ मी लावायचा.

आधी काका म्हणाले, "सुधार आहे, पण सिग्निफिकंट नाही म्हणतात." मी आईला सांगितलं, थोडा फरक आहे. मॅडमनी फळ्यावर ज्या क्रमाने शब्द लिहिले होते, त्याच क्रमाने ते इंदूरहून येऊ लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन स्पीकरवर होता आणि आवाज तुटत होता. "वहिनी, डॉक्टर म्हणाले, दोन दिवस..." मग खरखर. मग, "क्रुशल आहेत." फोन कटला.

आईने हात जोडले. "कुशल आहेत! ऐकलंस ना?"

"आई, कुशल नाही. क्रूशियल. ते दिवसांबद्दल बोलत होते."

"तेच रे. तुझे काका पहिल्यापासून बोबडे."

"तसं नाही. म्हणजे..."

म्हणजे काय? डिक्शनरीत 'निर्णायक' होतं. तो शब्द आमच्या स्वयंपाकघरात कधी कुणी उच्चारला नव्हता. 'सीरियस' म्हटलं असतं तर तिला लगेच कळलं असतं. पण आमच्याकडे कुणी सीरियस आहे म्हटलं की लोक गावोगावच्या नातेवाइकांना बोलावून घेतात. तेवढं तर डॉक्टर म्हणाले नव्हते. शेवटी मी म्हणालो, "आजचा आणि उद्याचा दिवस फार महत्त्वाचा आहे."

"मग नैवेद्य दाखवायलाच हवा," असं म्हणत ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिने शिरा केला, देवापुढे ठेवला, मग माझ्यापुढे. मला तो गिळवेना. ती मात्र त्या दिवशी पोटभर जेवली.

सकाळी तिने पुन्हा रवा भाजायला घेतला, कुशल टिकावं म्हणून. तुपाचा वास घरभर पसरला होता. फोन चार्जिंगला लावलेला होता. तो तिथेच फळीवर थरथरत सरकू लागला. आता क्रिटिकल येणार, असं मी मनाशी धरलं. तो शब्द आईला कसा सांगायचा, हे मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

"स्पीकरवर लाव," आई म्हणाली. तिच्या हातात साखरेची वाटी होती.

मी लावला नाही. फोन कानाशी धरला.

काका इंग्रजी बोलले नाहीत. हिंदीही नाही.

"बाळा, आईजवळच आहेस ना? दादा गेला रे."