घरी पोचल्याची चिठ्ठी

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा मी मिरजेजवळच्या एका क्षयाच्या दवाखान्यात सात महिने पडून होते. वय तेवीस. पलूसकडच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग शिकवायची आणि डोक्यात एकच खूळ, आपण कथा लिहायच्या. आता वेळच वेळ होता. रोज सुई टोचून घ्यायची, मूठभर गोळ्या गिळायच्या आणि छताकडे बघायचं. वही उशाशी होती, सुचत मात्र काडीचं नव्हतं. खिडकीतल्या लिंबाच्या झाडावर माणूस किती लिहिणार?

मग एक युक्ती काढली. सिस्टरकडून गोळ्यांचे तीन रिकामे डबे मागून घेतले आणि पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या केल्या. एका डब्यात ‘कोण’, दुसऱ्यात ‘कुठे’, तिसऱ्यात ‘काय झालं’. डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढायची आणि निघेल त्याची गोष्ट जुळवायची. पहिल्याच दिवशी निघालं : फौजदार, लग्नाच्या मांडवात, चप्पल हरवली. मी हसले आणि हसता हसता खोकत सुटले. शेजारच्या खाटेवरच्या चाची उठून बसल्या.

"एकटीच काय हसतीस गं? आमाला बी सांग की."

चाची कराडच्या. त्यांच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांच्या पलीकडे माणची बाई. माण तालुक्यातली म्हणून वॉर्डात तिला सगळे तसंच म्हणायचे. माझ्याच वयाची, नवरा मुंबईला गिरणीत, पाच वर्षांची लेक गावी सासूपाशी. रोग लागेल म्हणून लहान मुलांना आत सोडत नसत. सहा महिने झाले, तिनं लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात माझ्या कथा राहिल्या बाजूला आणि डब्यांचा खेळ झाला. प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं. दुपारचं जेवण झालं की ‘काय झालं’मधली एक चिठ्ठी काढायची आणि आपलं सोंग पुढं न्यायचं. काढलेली चिठ्ठी परत डब्यात. चाची दरोडेखोर झाल्या आणि खाटेवर मांडी घालून आख्खी साताऱ्याची पेठ लुटू लागल्या. मी विलायतेहून आलेली डॉक्टरीण. माणच्या बाईला विचारलं, राणी होतेस का?

"मला नगं राणी-बिणी. म्या म्याच हुते," ती म्हणाली. "बरी झालीया, आन् घरला निघालीया."

तिच्यासाठी म्हणून मी डब्यात एक नवी चिठ्ठी टाकली, ‘घरी पोचली’. चाळीसेक चिठ्ठ्यांत ही एकच. ती निघाली की तिचा खेळ पुरा.

तिला अक्षरओळख नव्हती. चिठ्ठी ती काढायची, वाचायची मी. बस चुकली. नदीला पाणी आलं. पिशवी चोरीला गेली. पण तिची गोष्ट ऐकायला पलीकडच्या वॉर्डातल्या बायका यायच्या. तासगावला बस चुकली, तर तेवढ्या वेळात तिनं लेकीला लाल रिबीन घेतली. विट्याला मुक्काम पडला, तर लेकीसाठी शेंगा भाजून घेतल्या. ते सगळं मी वहीत उतरवून घ्यायची. माझ्या कुठल्याच कथेला तिच्या त्या शेंगांची सर नव्हती.

महिना झाला तरी ती चिठ्ठी काही निघेना. ‘वाट चुकली, मागे फिर’ मात्र दोनदा निघाली. एकदा ती अंघोळीला गेल्यावर चाचींनी मला धरलं.

"तिला कुटं वाचाया येतंय? येक दिस म्हन की, घरी पोचली म्हून. तुजं काय जातंय?"

"मग त्याला खेळ कशाला म्हणायचं?" मी फणकाऱ्यानं म्हणाले. "निघेल ते निघेल."

शिस्तीची मला फार घमेंड होती. आणि नुसती शिस्तच नव्हती, आज कबूल करते. ती घरी पोचली की माझ्या वहीतली गोष्ट संपणार होती.

त्या दुपारी ती मायणीपर्यंत आली होती. तिथून तिचं गाव म्हणजे हाकेच्या अंतरावर, असं ती म्हणायची. अंगात ताप होता तरी उठून बसली, चिठ्ठी काढली, माझ्या हातात दिली. मी वाचलं, "वाट चुकली, मागे फिर."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई, नीट बगा की. दुसरं काय न्हाई का लिवल्यालं?"

मी पुन्हा वाचलं. वर्गात वाचते तसं, एकेक शब्द सुटा करून.

तिनं चिठ्ठी माझ्याकडून घेतली. "आता ही परत टाकू नगा. तीनदा निगाली, उंद्या पुन्ना हीच निगंल," म्हणाली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मी हो म्हटलं. तेवढी सूट दिल्याचंही मला त्या वेळी मोठं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला रक्ताची उलटी झाली. दुपारच्या जेवणाच्या आत खाट रिकामी झाली होती.

नवरा मुंबईहून आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानं तिची लुगडी, तांब्या, फणी गोळा केली आणि चिठ्ठी घेऊन माझ्या खाटेशी आला.

"तुमी मास्तरीणबाई न्हवं? तिच्या पदराला ह्ये गावलं. औषदाचं हाय का काय? मला न्हाई वाचाया येत."

माझंच अक्षर. पेन्सिल घामानं जरा पुसट झाली होती, पण शब्द न् शब्द लागत होता. चाची माझ्याकडे बघत होत्या.

"घरी पोचली," मी वाचलं. "असं लिहिलंय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चिठ्ठीची नीट घडी घालून ती त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. "लई घोर हुता तिला घरचा," म्हणाला. "पोरीला औंदा शाळंत घालायची हाय. तिला वाचाया आलं की पयलं ह्येच दावतो. आयचं हाय म्हून."

चिठ्ठी परत द्या, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. काय कारण सांगणार होते? तो बोचकं घेऊन दारातून बाहेर गेला.

चाची भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तशाच म्हणाल्या, "ह्येच त्या दिशी म्हनायचं हुतंस."

मी बरी झाले. वही तिथंच टाकून आले, कथा पुन्हा कधी लिहिली नाही. शाळेत मात्र निवृत्त होईपर्यंत पहिलीचाच वर्ग माझ्याकडे होता. काना शिकवून झाला की ‘वाट’ हा शब्द फार लवकर येतो. एखादी पोर त्याच्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, की मी काहीतरी निमित्त काढून वर्गाबाहेर जायची.