वाळू अडकली त्या दिवशी

फोन दुपारी आला, पुतण्याचा. "काकू, आई गेली. जेवून जरा आडवी झालती, उठलीच न्हाई." मी कळंब्याच्या घरात भाजी निवडत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आक्कांशी मी खोटं बोलले आहे आणि आता खरं काय ते सांगायला माणूसच उरलं नाही.

सुनंदाक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं घर जैन, शेती जयसिंगपूरकडची आणि संसार कोल्हापुरात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते, आंघोळ झाली की आक्का सामायिकाला बसायच्या. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, सगळं बाजूला ठेवून स्थिर बसायचं. मोजायला लाकडी चौकटीतलं वाळूचं घड्याळ. ते उलटं केलं की घरात कुणी त्यांना हाक मारायची नाही. हळूहळू मीही शेजारी बसू लागले आणि चांगली रमले. उपवास, नियम, स्वाध्याय, एकावर एक चढवत गेले. मंदिरातल्या बायका कौतुक करायच्या आणि मला ते आवडायचं. अशात एकदा आक्का सहज म्हणाल्या, "माझं मन लागत न्हाय गं. दोन-तीन वर्सं झाली की." मी लगेच शहाणपणा शिकवला, "मग एखादा मोठा नियम घ्या की." "हाय त्योच पुरं. बसायचं, वाळू संपली की उठायचं," म्हणाल्या आणि चपात्या लाटायला गेल्या. मला त्यांची कीव आली होती. आज त्याची लाज वाटते.

त्याच वर्षी पावसाळ्यात एक दिवस आक्का बसल्या त्या उठेनातच. दहा वाजले, अकरा वाजले. हाक मारायची नाही म्हणून थोरले दीर दारात येरझाऱ्या घालतायत, स्वयंपाक खोळंबलेला. शेवटी मी आत गेले. वाळू मध्येच अडकून बसली होती आणि आक्का शांतपणे तिच्याकडे बघत होत्या. मी काचेवर टिचकी मारली तेव्हा कुठं ती सुटली. "अहो, अडकलीय हे दिसत नव्हतं?" "दिसत हुतं की. पडंल म्हटलं." पुढं कितीतरी वर्षं घरात कुणाला उशीर झाला की आम्ही विचारायचो, "वाळू अडकली काय?" आक्काही हसायच्या.

नंतर आम्ही नवराबायको वेगळे होऊन कळंब्याला राहायला आलो आणि इथं माझंच मन आटलं. कारण असं काही नव्हतं. बसलं की कंटाळा यायचा, आणि कंटाळ्याहून जास्त राग... इतकी वर्षं केलं ते गेलं कुठं? महिनाभरात बसणं सुटलं. मंदिरात मात्र जात राहिले, लोकांसाठी. आक्का भेटल्या की विचारायच्या, "बसतीस न्हवं?" मी म्हणायचे, "रोज."

शेवटच्या भेटीतही हेच म्हणाले. निघताना त्यांनी ते घड्याळ माझ्या पिशवीत ठेवलं. "मला आता अंदाज हाय. तू ने." मी विचारलं, "आक्का, तुमचं मन नंतर लागलं का हो?" त्या म्हणाल्या, "मधी लागलं हुतं. परत गेलं. ते येतंय, जातंय. आपण जाग्यावर असावं." मग पिशवीचे बंद नीट करत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आज न्हाय बसलीस तर उद्या बस. कोन इचारतंय?" त्यांना सगळं ठाऊक होतं. तरीही मी, रिक्षा थांबलीय म्हणत, निघाले.

दिवसकार्य आटोपल्यावर घड्याळ कपाटातून काढलं. तेव्हापासून रोज बसते. मन अजिबात लागत नाही. गॅस बंद केला का, दूधवाल्याला काय सांगायचं, हेच चालू असतं. आज सकाळी वाळू पुन्हा अडकली. टिचकी मारायला हात गेला, तो मी मागं घेतला. थोड्या वेळानं नवऱ्यानं दारातून डोकावून बघितलं आणि हाक न मारता परत गेला. पडंल की.