आईची गाणी, पण झेरॉक्स मिळाली नाही

मित्रमैत्रिणींनो, आज उरणमधील एका वाचनालयात धवल्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या लग्नगीतांचे, जुने पुस्तक सापडले. त्यातील अकरा गीते माझ्या दिवंगत आईने सांगितलेली आहेत. खाली तिचे नावही छापले आहे.

मी ग्रंथपालकाकांकडे पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मागितली.

"गाणी तुझ्या आयशीची, पण हक्क संपादकाचा, बाय. ते सायब आता कुठं हायेत, कुनाला ठाव नाय. परवानगी कोन देनार?"

वाद घालणे मला जमत नाही. वाचनालय बंद होईपर्यंत मी चार गीते वहीत उतरवली. पाचव्याची पहिली ओळ घरी येईपर्यंत पुटपुटत होते. पुढची आठवत नाही.

आईचे शब्द घरी आणण्यासाठी मी कोणाला विचारावे, कोणी सांगाल का?