हौबानची विहीर, सात किलोमीटर

"आप्पा, मी कॉलवर आहे. हळू बोला."

"कॉल गेला खड्ड्यात. ती विहीर आणि ते शहर एका बाजूला नाहीत."

हे मी मेथी निवडता निवडता बोललो, ते पण मराठीत. पण माझा आवाज बोअरच्या गाडीवर तयार झालाय, शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असताना ऐकू जाणारा. तो लॅपटॉपमधल्या सगळ्यांना गेला. वैशालीने, म्हणजे माझ्या मुलीने, कपाळाला हात लावला.

तिचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडासच्या काचेच्या इमारतीत. कोरोनामुळे ते बंद, म्हणून हॉलंडातल्याच रायस्वाइक गावातल्या घरातलं जेवायचं टेबल हेच ऑफिस झालं होतं. मी आणि माझी बायको सुमन तीन महिन्यांसाठी तिच्याकडे आलो होतो. सुमन पहिल्या लाटेत गेली. मी राहिलो. पुढे विमानं सुरू झाली, पण गावाकडे कुलूप उघडून आत जायचं कुणाकडे?

तर वैशालीची कंपनी कन्सल्टन्सी करते. म्हणजे काम दुसऱ्याने करायचं आणि कसं करायचं ते ह्यांनी सांगायचं. त्यांच्याकडे येमेनमधल्या ताइझ शहराच्या पाण्याचं प्रोजेक्ट आलं होतं. स्क्रीनवर ताइझचा नकाशा होता. आणि ताइझच्या भोवती मी नऊ वर्षं बोअर मारलेत.

मी सातवी नापास. बोअरच्या गाडीवर हेल्पर लागलो, मग ड्रिलर झालो. ड्रिलर म्हणजे जो हातोडा जमिनीत घालतो आणि वर आलेली माती चिमटीत घेऊन सांगतो, खाली काय आहे. संगमनेरहून एका कंपनीने मला गाडीसकट येमेनला पाठवलं. मी गेलो तेव्हा तिथे दोन देश होते. परत आलो तेव्हा एक होता. आता किती आहेत ते त्यांनी मोजायचं सोडलंय, मीही सोडलंय. सनाला एक टोळी बसली आहे, ती स्वतःला सरकार म्हणते. एडनला दुसरं सरकार, जगाने मान्य केलेलं, पण त्याचा मोठा साहेब राहतो परदेशात. आणि एडनमध्येच तिसरे आहेत, त्यांना दक्षिण पुन्हा वेगळी हवी. तिघांकडे शिक्के आहेत. पाणी कुणाकडेच नाही.

ताइझ एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. पूर्वेला हौबान. कारखाने तिकडे, चांगल्या विहिरी तिकडे, विमानतळ तिकडे. मधे एक रस्ता. आमच्या वेळी गाडीवर बसून पंधरा मिनिटं, मधे चहाला थांबलो तर अर्धा तास. लढाई लागली आणि शहर एकाकडे राहिलं, हौबान दुसऱ्याकडे. रस्त्यात वाळूची पोती, बंदुका आणि जमिनीत सुरुंग. आता पंधरा मिनिटांच्या जागेला डोंगर फिरून पाच-सहा तास लागतात, तेही वाटेतल्या सगळ्या बंदूकवाल्या पोरट्यांनी सोडलं तर.

स्क्रीनवर निळा ठिपका हौबानला होता, लाल ठिपका शहरात. मधे सरळ रेघ आणि आकडा, सात किलोमीटर. टँकर दिवसाला आठ फेऱ्या मारणार होते.

वैशालीचा साहेब रुटगर. पंचेचाळिशीचा, सायकलवर वाढलेला, गालाला लाली. त्याने विचारलं, मागे कोण बोलतंय. वैशालीने सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, आपल्याला लोकल नॉलेज मिळालं. मी संगमनेरचा, राहतो रायस्वाइकला, आणि येमेनचा लोकल मी. पण कोरोनात तिथे जाणार कोण? पुढच्या मीटिंगला मला बसवलं, शेजारी वैशाली दुभाषी.

त्या मीटिंगमध्ये नकाशा करणारा कौस्तुभ होता. पुण्याचा, डेल्फ्टला शिकलेला. मुलगा नम्र.

"काका, डेटासेटमध्ये तो रोड ओपन दाखवतोय."

"डेटासेट कधी गेला होता तिकडे?"

"नाही म्हणजे, सॅटेलाइट इमेजवर रोड क्लिअर दिसतो. डांबरी आहे."

"अरे, रिकामा दिसतो ना? भर शहराचा रस्ता रिकामा का दिसतो, हे तुला कुणी शिकवलं नाही?"

रुटगर म्हणाला, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची पत्रं आहेत, विहीर वापरायला हरकत नाही म्हणून. मी म्हणालो, पत्रं खरी असतील. पण विहिरीवरचा माणूस हो म्हणतो आणि शहरातला माणूस हो म्हणतो. मधे पोत्यामागे बसलेल्याचं पत्र आहे का? त्याला वाचता तरी येतं का?

डच माणूस फार स्पष्ट बोलतो असं इकडे अभिमानाने सांगतात. बोलतो खरा. ऐकायला मात्र त्याला फाइल लागते. रुटगर म्हणाला, "व्हेरी इंटरेस्टिंग, यशवंत. हे आपण पार्क करू." पार्क करणे म्हणजे गाडी लावून चावी कालव्यात टाकणे.

इथे चूक माझी झाली. ह्यांना पटत नाही म्हणून मी म्हणालो, मला नका विचारू, अब्दोला विचारा. आणि अब्दोचा नंबर दिला.

अब्दो म्हणजे आमच्या गाडीचा तिथला ड्रायव्हर. ताइझ शहरातलाच, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही एकमेकांना ईदला आणि दिवाळीला फोन करतो. सुमन गेली तेव्हा तो फोनवर अर्धा तास नुसता कुराणातलं म्हणत होता. मला एक शब्द कळला नाही, मी फोन कानाला धरून बसलो.

दोन आठवडे कुणी काही बोललं नाही. मग एका सोमवारी वैशाली जेवायला आली ती लॅपटॉप घेऊनच. तिचा चेहरा उतरला होता.

"आप्पा, हे बघा. मला सीसीमध्ये आलंय."

तो फॉर्म होता. साइट व्हिजिट. गुरुवार. शहरातून निघून हौबानच्या विहिरीची पातळी मोजायची, फोटो काढायचे, परत यायचं. अंतर सात किलोमीटर. वेळ अर्धा दिवस. जाणारा माणूस: अब्दो. खाली एक रकाना होता, धोका. त्यात लिहिलं होतं, मान्य करण्याजोगा.

"कुणी मान्य केला?" मी विचारलं.

"तिथल्या पार्टनर संस्थेने सही केलीय."

"ती संस्था जाणार आहे का?"

मी ताटावरून उठलो आणि अब्दोला फोन लावला. आमचं बोलणं मोडक्या अरबीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत चालतं. तो मला मुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनियर. बूट घातलेल्या कुणालाही तो तेच म्हणतो.

"अब्दो, गुरुवारी कुठे निघालास?"

"हौबानला. तूच तर पाठवतोयस."

"मी?"

"त्या लोकांनी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, यशवंतने नंबर दिला. मी म्हटलं, मुहंदिस इतक्या लांबून वाट आहे म्हणतो, म्हणजे त्याला काहीतरी कळलं असेल. मोठ्या लोकांत बसतो आता."

त्या माणसाने सुरुंगाच्या रस्त्यावर पाय ठेवायचं ठरवलं होतं ते माझ्या नावावर.

"वाट नाही, गाढवा. तुझ्या डोळ्यांसमोर आहे ना रस्ता? जाऊ नकोस."

"आता कसं? मोहल्ल्याला सांगून बसलोय, पाणी येणार म्हणून. बायका डबे घासून बसल्यात. पहाटे जातो, नाल्यातून. कमी सुरुंग आहेत तिकडे."

"कमी म्हणजे किती?"

"ते पाय ठेवल्यावर कळतं," म्हणाला आणि हसला. सत्तरीला आलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी मी रुटगरच्या मीटिंगमध्ये घुसलो. वैशालीला म्हटलं, मी बोलतो तसंच सांगायचं, साखर लावायची नाही.

रुटगर म्हणाला, "यशवंत, रिस्क आम्ही पार्टनरकडे ट्रान्सफर केली आहे."

"रिस्क गेली पार्टनरकडे. पाय कुणाचा जाणार?"

"सात किलोमीटर आहे फक्त. लोक रोज काही ना काही मार्गाने..."

"थांबा. इथून हॉस्पिटल किती लांब आहे, ठाऊक आहे? ट्रामने बारा मिनिटं. माझी बायको तिथे एकोणीस दिवस होती. एकालाच आत सोडत होते. वैशाली गेली, कारण डॉक्टरांची भाषा तिला येते. मी खिडकीत बसून ट्राम मोजल्या. बारा मिनिटांचं अंतर मला एकोणीस दिवसांत कापता आलं नाही. आणि इथे तर बंदूक घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. दारात मास्क घातलेली एक नर्स होती, बिचारी. तर मला किलोमीटर शिकवू नका."

वैशालीने हे सगळं सांगितलं. साखर न लावता, शेवटपर्यंत. स्क्रीनवर कौस्तुभने कॅमेरा बंद केला. मग रुटगरने एक ईमेल टाइप केला, आमच्यासमोरच. व्हिजिट रद्द. कारण: अ‍ॅक्सेस कन्स्ट्रेंट्स. म्हणजे जाता येत नाही. हे मी पहिल्या दिवशी मेथी निवडताना सांगितलं होतं, पण इंग्रजीत नव्हतं ना.

ईमेलने ऑफिस थांबलं. अब्दो थांबणार नव्हता. त्याला रद्दचं पत्र नको होतं. मोहल्ल्यासमोर जायला पाणी हवं होतं. बुधवार सकाळपर्यंत मी डोकं खाजवत होतो. शहराच्या आत, ह्याच बाजूला, काही आहे का? आम्ही त्या भागात शंभरावर बोअर मारलेत, कुठला कुठे ते कुणाला आठवतंय?

वैशाली म्हणाली, "आप्पा, तुमची पत्रं आहेत."

मी सुमनला येमेनहून पत्रं लिहायचो. मला लिहिता येतं तेवढंच लिहायचो, आज कुठे बोअर मारला, किती फूट गेलो, पाणी किती लागलं. ती आयुष्यभर टोमणे मारायची, "लोकांचे नवरे पत्रात काय काय लिहितात, आमचे फूट लिहितात." पण टाकलं एकही नाही. येताना पिशवीत घालून घेऊन आली होती. गावाकडे उंदीर खातात, वैशू स्कॅन करून ठेवेल म्हणून.

आम्ही दोघं टेबलावर पत्रं पसरून बसलो. दुपारी बाराच्या सुमारास वैशालीने एक वाचलं. "ताइझमधे, मोठ्या शाळेच्या मागं बोअर मारला. ३१० फूट. पाणी एक इंच. साबणवाल्याला तीन इंच पाहिजे होतं, नको म्हणाला. वर प्लेट वेल्ड करून सोडला. वैशूचं नाक अजून वाहतंय का."

इंच म्हणजे पाण्याची धार किती जाड ते. एक इंच साबणाच्या कारखान्याला थुंकी. मोहल्ल्याला सण.

अब्दोला फोन केला. तो म्हणाला, शाळा आहे, छप्पर गेलंय. मागे ढिगारा पडलाय. मी म्हटलं, ढिगारा उपस, हौबान कुठे पळून जात नाही. गुरुवारी तो नाल्यात न जाता शाळेच्या मागे गेला. चौघांनी दगड हलवले. प्लेट सापडली, आमचीच वेल्डिंग. ग्राइंडरने कापली, दोरीला बोल्ट बांधून सोडला. दोरी ओली आली, पण दोनशे साठ फुटांखालून. पाणी खाली गेलंय, सगळीकडेच गेलंय. आणि जरा मचूळ आहे. अब्दो म्हणाला, चहा पितो तेव्हा कळतं, तहान लागते तेव्हा कळत नाही.

कुणाच्या तरी बंद पडलेल्या बागेतला पंप आणला, घराघरावरच्या सोलर प्लेटा उतरवून जोडल्या. आठ दिवसांनी धार पडली. त्याने व्हिडिओ पाठवला. शाळेचे मास्तर रांग लावत होते. झाडूवाल्यांच्या वस्तीतल्या बायका नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे उभ्या. पाणी आलं म्हणून माणसं सुधारत नाहीत. मी अब्दोला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवसापासून एक नळ त्यांना वेगळा दिला, तोही भांडण होऊन.

रुटगरला वैशालीने बोअरचं सांगितलं. त्याने अभिनंदन केलं, मनापासून केलं. पण प्रोजेक्टमध्ये घेता येणार नाही म्हणाला, पाणी ठरलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी आहे. रिपोर्ट छापून आला तेव्हा चकचकीत कागद होता. हौबानची विहीर आत आहेच, दुसऱ्या टप्प्यात. शाळेचा बोअर कुठे नाही.

माझं शिक्षण नाही, त्यामुळे रिपोर्टला काय लागतं ते मला कळत नाही. धंद्यात शिकलो तेवढं सांगतो. ज्या वाटेवर तुम्ही स्वतः पाय ठेवणार नाही, तिचं अंतर तुम्ही लिहू नये. आणि दुसऱ्याचा फोन नंबर देण्याआधी चारदा विचार करावा. हे दुसरं माझ्यासाठी आहे.