सतरा नंबरचं पान

त्या मंगळवारी सकाळी मेहुण्याने अठरा वेबसाइटींना एका दमात वेग आणला, आणि दुपारपर्यंत शुश्रूषागृहाला टाळं लागलं. खरं टाळं नव्हे, वेबसाइटीवरचं. पण लांबून येणाऱ्याला दोन्ही सारखंच.

मेहुणा हे काही त्याचं नाव नव्हे. कचेरी भाऊजींची, हा बहिणीच्या शब्दावर तिथे चिकटलेला. पहिल्याच दिवशी कुणीतरी 'साहेबांचा मेहुणा' म्हणालं, ते सहा वर्षं झाली तरी सुटेना. आता खुद्द भाऊजीसुद्धा "मेहुणा कुठाय?" असंच विचारतात. फुकटचं मात्र तो खात नसे. शाळा, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, शुश्रूषागृह, अशा अठरा संस्थांच्या वेबसाइटी एकाच सर्व्हरवर नांदत होत्या आणि त्यांचं दुखलंखुपलं तोच बघायचा.

सगळ्या गोगलगाईसारख्या चालायच्या. कुणी पान मागितलं की सर्व्हर तीच माहिती पुन्हा डेटाबेसमधून उपसत बसायचा. म्हणून मेहुण्याने कॅश नावाची सोय बसवली. एकदा काढलेलं उत्तर हाताशी ठेवायचं, त्यावर चिठ्ठी लावायची, पुन्हा कुणी विचारलं की तेच पुढे करायचं. एकट्या ग्रंथालयावर करून पाहिलं, तर पान पापणी लवायच्या आत हजर. गडी खूश. तीच मांडणी त्याने उरलेल्या सतरांना लावून टाकली. चिठ्ठीवर पानाचा नंबर होता. वेबसाइट कुठली, ते लिहायचं राहिलं. एकट्या ग्रंथालयाला त्याची गरज पडली नव्हती ना!

सतरा नंबरचं पान ग्रंथालयालाही होतं आणि शुश्रूषागृहालाही. ग्रंथालयाचं म्हणत होतं, 'आज दुरुस्तीसाठी बंद'. शुश्रूषागृहाच्या पानावर भेटीच्या वेळा असायच्या. त्या दिवशी वर नाव शुश्रूषागृहाचं आणि खाली ग्रंथालयाचा मजकूर.

दोन वाजता तिथल्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

"तुमच्याकडे शहाणं माणूस आहे का कुणी?"

"मी आहे."

"दुसरं कुणी?"

मेहुण्याने वही-पेन जवळ ओढलं.

"आमचे सात नंबरचे आजोबा सकाळपासून दाढी करू देत नाहीत. दर मंगळवारी त्यांची ताई येऊन करते. ताईंना फोन केला, तर म्हणतात, निघण्याआधी वेबसाइट पाहिली, तुम्ही बंद आहात म्हणून! अहो, आजोबांकडे किती दिवस आहेत, ठाऊक आहे?"

मेहुण्याने कॅश रिकामी केली, चिठ्ठीवर प्रत्येक वेबसाइटीचा नंबर घातला. वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं. मग त्याने ताईंना फोन लावला.

"बाई, शुश्रूषागृह उघडं आहे. पाटी चुकून लागली होती."

"सिस्टरांनी सांगितलं मघाशी. तोवर बस गेली होती माझी. पुढची उद्या सकाळी."

"मी येतो न्यायला."

"तुम्ही कोण?"

"पाटी लावणारा."

भाऊजींनी काही न बोलता गाडीची किल्ली टेबलावर सरकवली. तेच त्याला जास्त लागलं.

साडेपाचला तो त्यांच्या गावी पोचला, तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत वाटी, ब्रश, रेझर. दीड तासाच्या वाटेत त्या एकदाच बोलल्या.

"लहानपणी मी त्याचे केस कापायचे. वेडेवाकडे. बिचारा टोपी घालून शाळेत जायचा."

मेहुण्याला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

पोचले तेव्हा सात वाजत आले होते. आजोबांनी डोळे उघडले. ताईला पाहून त्यांनी हनुवटी किंचित वर केली. मेहुण्याने वाटी धरली. ताईंनी फेस लावला, डावा गाल हलक्या हाताने साफ केला. उजव्या गालाकडे वळल्या, तोवर आजोबांना झोप लागली होती.

"राहू द्या," सिस्टर हळूच म्हणाल्या. "दमलेत ते."

ताईंनी उजव्या गालावरचा फेस ओल्या फडक्याने पुसला. परतीच्या वाटेवर मेहुणा म्हणाला, "पुढच्या मंगळवारी मी तुम्हाला आणतो. सकाळीच."

"वेळेवर या," ताई म्हणाल्या.

आजोबा शनिवारी गेले.

मेहुणा आता काहीही बसवलं की अठराही वेबसाइटी उघडून एकेक पान डोळ्यांखालून घालतो. शुश्रूषागृहाच्या भेटीच्या वेळांखाली त्याने सिस्टरांचा फोन नंबर ठळक टाकलाय. माफी मागायला ताईंना एकदा फोनही केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गाडीचा विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही. मंगळवारची ती खेप अजून त्याच्याकडेच बाकी आहे.