उंबऱ्याखालची नळी

नवागामला आमच्या भाड्याच्या खोल्यांत वहिनी खानावळ चालवायची. थोरला भाऊ मागावर कामाला जायचा. दुपारी गावाकडून या परराज्यात कामाला आलेली खानदेशी मंडळी पंगतीला बसायची. सगळ्यांच्या भाकऱ्या, भरीत, शेवभाजी लाकडाच्या चुलीवर व्हायचं. वहिनीचे डोळे कायम लाल. धूर थांबला नाही तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये बॉयलरवर फिटर होतो. बर्नरला तेल पोचवणाऱ्या नळ्या बसवणं हेच माझं काम. तरी तिच्यासाठी डिझेलची भट्टी बसवायला मी फार उशीर केला. शहरात प्लेग आला तेव्हा घाबरून गावी गेलेली माणसं परतली, पंगत पुन्हा भरली, तेव्हा कुठे मी हत्यारं घरी आणली.

तेलाची टाकी जाळापासून लांब हवी, म्हणून ती बाहेर ओट्यावर, पत्र्याखाली उंच बसवली. भट्टी आत. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची मनाई, म्हणजे नळी दारातूनच न्यायची. पण दारात उंबरा होता. त्या खोल्यांना मुळात उंबरेच नव्हते. बिनउंबऱ्याचं घर कसलं, म्हणून वहिनीने गावाहून सागाची फळी आणून मांडली होती. रोज सकाळी ती त्यावर हळदकुंकू वाहायची. त्यावरून डिझेलची नळी न्यायला किंवा ती फळी उचलायला माझं मन धजेना. मी नळी चौकटीच्या कडेने वर चढवली, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून आत घेतली आणि भट्टीकडे खाली उतरवली.

पहिल्या दिवशी जाळ निळा, सरळ. पंगतीतला एकजण ओरडला, "वहिनी, आज भाजीले धूरनी चवच नही!"

"मंग जाय, चुलीपाशी बसीसन खाय," वहिनी म्हणाली. सगळे हसले.

टाकी निम्मी झाली तसा जाळ तुटू लागला. फट् आवाज करून विझायचा. भाकरी तव्यावर अर्धी कच्ची. वहिनी पुन्हा चूल पेटवायची.

जाळ पहिल्यांदा तुटला त्याच दिवशी मला कारण कळलं होतं. टाकीतलं तेल नळीच्या त्या उंचवट्याखाली गेलं, की वळणात हवा अडकते. मिलमध्ये कुणी नळी अशी चढवली असती तर मीच त्याला शिव्या दिल्या असत्या. पण घरी मी म्हणालो, "डिझेलमध्ये कचरा आहे, वहिनी." रोज गाळणी धुतली, टाकी काठोकाठ भरली. तेल उतरलं की पुन्हा तेच.

एका दुपारी विझल्या भट्टीपुढे बसून ती म्हणाली, "मन्हा हातले यश नही, भाऊ. चूल सोडी ना, ती रुसनी."

तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते पाणी नुसतं धुराचं नव्हतं. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. नळी खालून न्यायला हवी होती. उंबऱ्यापायी नेली नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

"काबरं सांगं नही मंग? उंबरा मीच मांडेल शे, मीच उचलसू."

आणि खरंच पदर खोचून उठली. फळीला हात जोडले, एका बाजूने स्वतः धरली, दुसरी बाजू मला धरायला लावली. खालची माती तिनेच उलथन्याने उकरली. मी नळी त्या चरातून नेली, भट्टीपाशी जोड सैल करून हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाटीत धरलं, मग जोड आवळला. वर फळी जशीच्या तशी बसली.

दुसऱ्या सकाळी तिने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. मी शेजारी अपराध्यासारखा उभा. तर म्हणते, "खालून काय जास, ते देवले चालस. तू जेवी ले."

टाकी निम्म्याखाली गेली, तरी जाळ हलला नाही. वहिनी भाकऱ्या थापत होती. डोळे कोरडे होते, पण सवयीने ती दर भाकरीमागे पदराने ते पुसत होती.